एका नभोनाट्याचा पुनर्जन्म

'संगीत सौभद्र' १८८२ साली प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हापासून कितीतरी कृष्ण, अर्जुन आणि सुभद्रा येऊन गेल्या. नट गेले, नाटक राहिले. रंगभूमीवरील नाटकाचे पुनरुज्जीवन ही आपल्याला नवलाची गोष्ट वाटत नाही. संहिता हाती असली, थोडेबहुत द्रव्य जमले आणि नव्या पिढीत चार हौशी माणसे निघाली, की जुने नाटक पुन्हा उभे राहते. नभोनाट्याचे तसे नाही. त्याला नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, मुद्राभिनय नाही. श्रोत्याच्या मनात पात्र वसते ते एका विशिष्ट आवाजाच्या रूपाने, आणि तो आवाज गेला की पात्रच गेल्यासारखे होते. म्हणून जुने नभोनाट्य बऱ्याच वर्षांनी पुन्हा उभे केल्याची उदाहरणे विरळा. अशाच एका उदाहरणाचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण इंग्रजी आहे आणि विषय अवकाशातील विनोदाचा आहे; परंतु त्यातून निघणारा बोध आपल्या, म्हणजे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या, अगदी घरातला आहे. आमच्या घरातही असेच एक लहानसे प्रकरण घडले. त्याकडे लेखाच्या शेवटी येऊ.

प्रथम आपल्या शहराचा आणि रेडिओचा संबंध थोडक्यात सांगणे उचित होईल. हैदराबादेत रेडिओ आला तो १९३०च्या दशकाच्या आरंभी, एका खासगी प्रयत्नातून. १९३५ साली निजाम सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला, आणि पुढे 'डेक्कन रेडिओ' या नावाने तो संस्थानभर ओळखला जाऊ लागला. उर्दूचे प्राबल्य उघड होते. तरीही तेलुगू, मराठी आणि कन्नड या प्रजेच्या भाषांना त्यावर जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर सारेच बदलले, आणि १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र आकाशवाणीत सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण मात्र काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा येथे जेथल्या तेथे राहिलो. शहर तेच, घर तेच, पण रेडिओवरची मराठी दूर गेली.

दूर गेली तरी ती ऐकू येत होती. रात्री मध्यम लहरींवर मुंबई केंद्र खरखरत लागे. आमचे वडील रेडिओ कधी खिडकीशी, कधी फडताळावर ठेवून, कधी आडवा-उभा फिरवून तो सूर पकडीत, आणि सूर लागला की घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, असा दंडक असे. 'प्रपंच' आणि त्यानंतरची 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकांचे नाव आमच्या पिढीतील कोणास ठाऊक नाही? बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही मंडळी शेजारी राहत असावीत, इतकी परिचयाची होती. त्यांचे चेहरे आम्ही कधी पाहिले नव्हते, आणि पाहण्याची गरजही वाटली नाही. टेकाडे भावजी दिसायला कसे, याविषयी आमच्या घरात मतभेद होते; त्यांच्या आवाजाविषयी मात्र एकमत होते.

अशा वातावरणात वाढलेल्या आम्हांस पुढे 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' या ब्रिटिश नभोनाट्याची ओळख झाली, ती मात्र पुस्तकरूपाने आणि उशिरा. हे मूळचे पुस्तक नव्हे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ८ मार्च १९७८च्या रात्री साडेदहा वाजता बीबीसीच्या रेडिओ ४ या वाहिनीवर त्याचा पहिला भाग प्रसारित झाला. लेखक होते डग्लस ॲडम्स नावाचे केंब्रिजचे पदवीधर. वय अवघे पंचविशीचे. रात्रीची ती वेळ काही मानाची नव्हती, आणि त्याची जाहिरातही फारशी झालेली नव्हती. सहा भागांची ही मालिका संपेपर्यंत मात्र ती एकाने दुसऱ्यास सांगून सर्वतोमुखी झाली. १९७८च्या नाताळात एक स्वतंत्र भाग आणि जानेवारी १९८०मध्ये आणखी पाच भाग असे एकूण बारा भाग झाले. कादंबरी आली ती १९७९ साली, नभोनाट्याच्या यशानंतर. सामान्यतः पुस्तकावरून नाट्यरूपांतर होते; येथे आवाज आधी जन्मला आणि अक्षर मागाहून आले.

कथेचा आरंभ सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. आर्थर डेंट नावाचा एक साधा इंग्रज गृहस्थ सकाळी उठतो तो घरापुढे बुलडोझर उभा. नव्या बाह्यवळण रस्त्यासाठी त्याचे घर पाडायचे आहे. तो तक्रार करतो तेव्हा त्यास सांगण्यात येते, की योजनेचे नकाशे स्थानिक कार्यालयात जनतेच्या अवलोकनार्थ ठेवलेलेच होते. हरकत वेळेत का घेतली नाही? ते नकाशे तळघरात, कुलूपबंद कपाटात होते, ही गोष्ट वेगळी. इतक्यात आकाशात व्होगॉन नावाच्या परग्रहवासीयांची प्रचंड याने येतात आणि जाहीर करतात, की अवकाशातील बाह्यवळण मार्गासाठी पृथ्वीच पाडायची आहे. नकाशे जवळच्याच एका ताऱ्यावरील कार्यालयात पन्नास वर्षे लावलेले होते, हरकत का घेतली नाही? आर्थर आपल्या फोर्ड नामक मित्राच्या साहाय्याने वाटेत हात दाखवून, म्हणजे त्याच यानात चोरून शिरून, कसाबसा वाचतो. पुढे त्याच्या भ्रमंतीत सोबत असते ती आकाशगंगेतील फुकट्या प्रवाशांसाठी रचलेली एक बोलकी मार्गदर्शिका. नाटकात तीच सूत्रधार आहे.

राज्य शासनाच्या सेवेत तीसहून अधिक वर्षे काढलेल्या आम्हांस हा आरंभ वाचताना हसू आले, आणि मागाहून थोडी लाजही वाटली. रस्तारुंदीच्या आणि भूसंपादनाच्या अधिसूचना आम्हीही फलकावर लावल्या आहेत. तो फलक कोठे आहे हे विचारीत येणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि मुदत संपल्याचे त्यांना आम्ही सौजन्याने सांगितलेही आहे. कुकटपल्लीतील जुन्या रहिवाशांना तर याचे अधिक स्पष्टीकरण नको. मुंबईकडे जाणारा हमरस्ता प्रथम रुंद झाला, मग त्यावर पूल आले, आणि २०१७ साली मियापूरची मेट्रो डोक्यावरून धावू लागली. सोय झाली हे खरे. पण पांढऱ्या रंगाची खूण आपल्या कुंपणाच्या आत पडते की बाहेर, हे पाहण्यासाठी श्वास रोखून उभे राहिलेले गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. हसविता हसविता लेखकाने प्रजेचे जुने दुःख नेमके पकडले होते. (व्होगॉन जमातीची कविता विश्वात वाईटपणात तिसऱ्या क्रमांकाची असून ती सक्तीने ऐकविणे हा त्यांचा शिक्षेचा प्रकार आहे, हेही जाता जाता सांगतो. त्यावर अधिक भाष्य केल्यास आमच्याच संस्थेतील स्नेही दुखावतील.)

याच कथेत एक महासंगणक जीवनाच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ७५ लाख वर्षे घेतो आणि उत्तर देतो : ४२. उत्तर अचूक आहे, परंतु मूळ प्रश्न काय होता हे कोणासच ठाऊक नाही. तो प्रश्न शोधण्यासाठी जे दुसरे यंत्र निर्माण केले तीच आपली पृथ्वी. आणि काम संपण्यास पाच मिनिटे उरली असता ती पाडण्यात येते. संस्कृत ग्रंथांत 'अथातो' म्हणून जिज्ञासेपासून आरंभ करणाऱ्या आपल्या परंपरेस यातील मर्म सांगावयास नको.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा आहे, आणि ती अभिमानास्पद आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपुढे आणल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. मागाहून कळले, की आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून डॉ. जयंत विष्णु नारळीकरांनीच ती पाठविली होती. १९७९ साली, म्हणजे ॲडम्सची पहिली कादंबरी आली त्याच वर्षी, नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. नारळीकरही केंब्रिजचेच. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी विश्वोत्पत्तीच्या ज्या सिद्धान्तास विरोध केला, त्याचे 'बिग बँग' हे जगप्रसिद्ध नाव त्यांनीच १९४९ साली बीबीसीवरील एका रेडिओ व्याख्यानात प्रथम उच्चारले होते. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले, तेव्हा एका संपूर्ण पिढीस आकाशाकडे पाहावयास शिकविणारा शिक्षक गेला. परंतु त्यांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या कथांत विज्ञान समजावून देण्याचा हेतू अग्रभागी होता. हास्य आणि विज्ञान यांची पूर्ण सोयरीक मराठीत फारशी जमली नाही, असे आमचे नम्र मत आहे. ती जमण्यास श्रुतिकेइतके सोयीचे स्थळ दुसरे नव्हते. पृथ्वी पाडण्याचा देखावा पडद्यावर उभारावयास अमाप खर्च येतो; रेडिओवर एक गडगडाट आणि त्यामागची शांतता पुरते.

मूळ नभोनाट्याचे निर्माते जेफ्री पर्किन्स (प्राथमिक भागाचे सायमन ब्रेट) यांनी आणि बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेने नेमके हेच साधले. विनोदी मालिकेस तोवर समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या हास्याची साथ असे. येथे प्रेक्षक नव्हते; त्याऐवजी ध्वनीचे थरांवर थर चढविले गेले. ॲडम्सची लिहिण्याची दिरंगाई प्रसिद्ध होती. नट येऊन बसले तरी पाने टंकलिखित होत असत, आणि पहिल्या मालिकेच्या अखेरच्या दोन भागांसाठी मित्र जॉन लॉइड यांस हात द्यावा लागला. सूत्रधाराच्या आवाजाचीही कथा गमतीची आहे. पीटर जोन्स यांच्यासारखा आवाज हवा, असे ठरले. बऱ्याच जणांचा विचार झाला, नावे सुचविली गेली. अखेर कोणीतरी म्हणाले, की मग पीटर जोन्स यांनाच का विचारू नये? त्यांचा तो किंचित गोंधळलेला, सभ्य, घरगुती स्वर म्हणजेच ती मार्गदर्शिका, असे समीकरण श्रोत्यांच्या मनात कायमचे ठसले.

१९८० नंतर मात्र नभोनाट्य थांबले. दूरचित्रवाणी मालिका १९८१ साली झाली, कादंबऱ्यांची संख्या १९९२पर्यंत पाचावर गेली, पण उरलेल्या तीन कादंबऱ्या रेडिओवर आल्या नाहीत. १९९३च्या सुमारास डर्क मॅग्ज या रेडिओ-दिग्दर्शकाशी ॲडम्सचे बोलणे झाले. बेत ठरला, मसुदे झाले, ते लेखकास पसंत पडले नाहीत आणि काम मागे पडले. मागे पडलेले काम पुन्हा हाती घेण्यास माणसाकडे वेळ असतो, असे आपण नेहमीच गृहीत धरतो. २००० साली पीटर जोन्स वारले. त्याआधी १९९७ साली, ग्रहांचे किनारे घडविणाऱ्या वृद्ध कारागिराची भूमिका अजरामर करणारे रिचर्ड व्हर्नन गेले होते. आणि ११ मे २००१ रोजी, कॅलिफोर्नियात, स्वतः ॲडम्स हृदयविकाराने गेले. वय ४९.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. ते संपले नाही, हाच या लेखाचा विषय. मॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या संचातील हयात कलावंतांना एकत्र केले. ॲडम्सने ज्यास डोळ्यांपुढे ठेवून आर्थर लिहिला तो सायमन जोन्स, फोर्डचा जेफ्री मॅकगिव्हर्न, दोन डोकी असलेल्या झेफॉडचा मार्क विंग-डेव्ही, ट्रिलियनची सुझन शेरिडन, आणि मार्विन नावाच्या सदा उदास यंत्रमानवाचा स्टीफन मूर, हे सारे चोवीस वर्षांनी पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले. सप्टेंबर २००४पासून तिसऱ्या कादंबरीचे सहा भाग, आणि मे-जून २००५मध्ये चौथीचे चार व पाचवीचे चार असे एकूण चौदा भाग प्रसारित झाले. ज्यांचे आवाज गेले होते, त्यांच्या जागी नवे आले : सूत्रधार म्हणून विल्यम फ्रँकलिन आणि कारागिराच्या भूमिकेत रिचर्ड ग्रिफिथ्स. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की या दोघांनी गेलेल्यांची नक्कल केली नाही. त्यांनी आपल्याच आवाजात, आपल्याच लयीत ती वाक्ये म्हटली. नक्कल श्रोत्यास सतत गेलेल्या माणसाची आठवण देते आणि नवा माणूस तेथे कधीच पोचत नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

अडचण आणखीही होती. १९८०च्या भागांतील कथा आणि नंतरच्या कादंबऱ्यांतील कथा परस्परांशी जुळत नव्हत्या. मॅग्ज यांनी जुन्या भागांतील काही घटना हा एका पात्राचा भास होता, अशी वाट काढून दोन्ही प्रवाह जोडले. आमच्या खात्यात याला पूर्वीच्या आदेशास बाधा न आणता नवा आदेश काढणे म्हणत. हसण्यावारी नेण्याजोगी ही युक्ती नाही. तिच्यामुळे जुन्या श्रोत्याचे ऐकलेले खोटे ठरले नाही आणि लेखकाचे पुढील लेखनही डावलले गेले नाही.

तिसऱ्या भागातील कथानक तर आपल्या मराठी वाचकास खासच रुचेल, कारण ते क्रिकेटचे आहे. लॉर्ड्‌सच्या मैदानावर सामना चालू असता अवकाशयान उतरते आणि शुभ्र वेशातील यंत्रमानव 'ॲशेस'चा करंडक पळवितात. क्रिकेट हा खेळ म्हणजे एका प्राचीन आणि भीषण आकाशगंगीय युद्धाची विसरलेली आठवण आहे, अशी लेखकाची कल्पना. पुनरुज्जीवित नभोनाट्यात या प्रसंगी समालोचक म्हणून बोलले ते हेन्री ब्लोफेल्ड आणि फ्रेड ट्रूमन, खरोखरीचे समालोचक. यान उतरले तरी त्यांच्या स्वरातील निवांतपणा ढळत नाही, हाच विनोद. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन कानात घेऊन वाढलेल्यांनी क्षणभर कल्पना करून पाहावी : चेंडू सीमापार, तेवढ्यात मैदानावर एक यान, आणि पुढचा चेंडू टाकण्यास गोलंदाज सज्ज!

परंतु या साऱ्यात आमच्या मनास चटका लावून गेला तो प्रसंग दुसराच आहे. कथेत अ‍ॅग्राजॅग नावाचा एक अभागी जीव आहे. तो पुनःपुन्हा जन्म घेतो, कधी माशी, कधी ससा, कधी फुलदाणीतले रोप, आणि प्रत्येक जन्मी अजाणता आर्थरच्याच हातून मरतो. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या कल्पनेत वाढलेल्या आपल्याला हा विनोद परका नाही. ही भूमिका आपण स्वतः करावी, अशी ॲडम्सची इच्छा होती. तो तर गेला. तेव्हा मॅग्ज यांनी, ॲडम्सने पूर्वी आपल्या कादंबरीचे जे वाचन ध्वनिमुद्रित केले होते, त्यातून त्या पात्राची वाक्ये निवडून घेतली आणि जिवंत नटांच्या संभाषणात गुंफली. २००४ साली श्रोत्यांनी ऐकले ते असे : वारंवार मरून परतणारा जीव, आणि त्याच्या मुखी तीन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या लेखकाचा आवाज. ध्वनिफीत जपून ठेवलेली होती, म्हणून हे घडले. ती पुसली गेली असती, तर जगातील कोणत्याही दिग्दर्शकास हे साधले नसते.

शेवटही असाच विचारपूर्वक केलेला आहे. पाचवी कादंबरी फार निराश स्वरात संपते, आणि याची खंत खुद्द लेखकासही होती. मॅग्ज यांनी तो शेवट ठेवला, पण त्यापुढे पात्रांना पुन्हा एकत्र आणणारी एक आशेची वाट जोडली. कोणी म्हणेल, हा मूळ संहितेत हस्तक्षेप आहे. आम्हांस तसे वाटत नाही. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रचिले, तेव्हा वाक्याला वाक्य न लावता मूळ नाटकाचा प्राण मराठी मातीत रुजविला. पुनरुज्जीवनही रूपांतरासारखेच आहे. अक्षराशी इमान आणि लेखकाशी इमान यांत अंतर पडले, तर लेखकाची बाजू घ्यावी. पुढे ८ मार्च २०१८ रोजी, पहिल्या प्रसारणास बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, सहावी मालिका सुरू झाली. तोवर फ्रँकलिन, ग्रिफिथ्स आणि शेरिडन हेही गेले होते. सूत्रधाराच्या आसनावर या वेळी बसले ते जॉन लॉइड, ज्यांनी १९७८ साली मित्राचे अडलेले भाग लिहून दिले होते.

आता आमच्या घरची गोष्ट. जुलै १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्याच वर्षीच्या गणेशोत्सवासाठी आमच्या वडिलांनी काचीगुड्यातील वाड्यात करण्यासाठी एक लहानसे प्रहसन लिहिले. चंद्रावर पोचलेल्या पहिल्या मराठी गृहस्थास तेथे आधीच एक मराठी मंडळ आढळते. त्या मंडळाचे सभासद तीन, सचिव दोन, आणि दोन्ही सचिव परस्परांशी बोलत नाहीत. प्रहसन वाङ्मयीन दृष्ट्या मोठे होते असा आमचा दावा नाही. परंतु ते पाहून ज्यांना राग आला, त्यांची नावे वडील पुढे कित्येक वर्षे आनंदाने सांगत. १९८४ साली घरात ध्वनिमुद्रक आला, तेव्हा तेच प्रहसन पाच जणांनी सतरंजीवर बसून श्रुतिकेसारखे वाचले आणि फितीवर घेतले. वडील सूत्रधार होते. १९९१ साली ते गेले. आणि १९९६ साली, विश्वचषकाच्या धामधुमीत, कोरी फीत सापडेना म्हणून आम्ही त्याच फितीवर एका सामन्याचे समालोचन मुद्रित केले. वरची चिठ्ठी निघून गेली होती, आत काय आहे हे पाहिले नाही, ही आमची सबब. हा दोष सर्वस्वी आमचा आहे आणि त्यास मुदतीनंतरची हरकतही घेता येत नाही.

वडिलांच्या हस्ताक्षरातील वही मात्र राहिली. कुकटपल्लीस राहावयास येताना आणलेल्या ट्रंकेत ती होती. वर सांगितलेल्या इंग्रजी नभोनाट्याचा इतिहास वाचल्यावर आम्ही गेल्या वर्षी ती काढली, आणि त्याच क्रमाने गेलो : आधी हयात आवाज. पाचांपैकी दोघे आहेत. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाईंकडे जाऊन त्यांचा भाग भ्रमणध्वनीवर मुद्रित केला. चंद्रावर रॉकेलचे दुकान कोठे, असे विचारणाऱ्या गृहिणीची ती भूमिका. वाचता वाचता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे, येथे तो लगेच बोलायचा नाही. आधी घसा खाकरायचा, मग थांबायचा, आणि लोक हसून झाले की मग म्हणायचा." वहीत ते नाही. वहीत वाक्यामागून वाक्य आहे. ते खाकरणे आणि ते थांबणे आत्याबाईंच्या कानात चाळीस वर्षे राहिले होते, आणि आता आमच्या वहीत समासात लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट नातीची. तिला मराठी समजते, बोलता येते. देवनागरी वाचता येत नाही. तिने आपली वाक्ये ऐकून तेलुगू लिपीत लिहून घेतली आणि न अडखळता म्हटली. फक्त 'चार' आणि 'चाक' यांतील दोन 'च' तिच्याकडून एकसारखे होत होते. आम्ही तिला देवनागरी न शिकविल्याबद्दल मनात स्वतःस बोल लावीत होतो, तोच लक्षात आले, की हा भेद देवनागरीतही दिसत नाही. तो केवळ कानाने कानास देता येतो. आत्याबाईंनी दोन वेळा म्हणून दाखविले आणि तिसऱ्या वेळी नातीस ते साधले. सूत्रधार आम्ही झालो. वडिलांसारखे म्हणण्याचा मोह पहिल्या दिवशी झाला. दुसऱ्या दिवशी तो सोडला.

आपल्या घराघरांतून मराठी कोणत्या रूपाने राहणार, हा प्रश्न या संस्थेच्या व्यासपीठावर अनेकदा चर्चिला जातो, आणि उत्तर म्हणून ग्रंथ, वाचनालय व वर्ग यांची नावे घेतली जातात. ती उत्तरे योग्यच आहेत. त्यांच्या जोडीस आम्ही एकच सूचना करू इच्छितो. या शहरातील आपली मराठी, उर्दूचा लहेजा आणि तेलुगूचा शेजार घेऊन बनलेली, कोणत्याही पुस्तकात जशीच्या तशी उतरलेली नाही. ती सध्या काही मोजक्या वृद्ध कंठांत आहे. ज्यांच्या घरी असे कंठ आहेत, त्यांनी एखादे जुने प्रहसन, एखादी कहाणी, निदान घरातील एखादा किस्सा त्यांच्याकडून म्हणवून मुद्रित करून ठेवावा, वर ठळक अक्षरांत नाव-तारीख लिहावी, आणि त्यावर दुसरे काही मुद्रित करू नये.

आमची श्रुतिका बावीस मिनिटांची झाली. येत्या गणेशोत्सवात ती ऐकविण्याचा बेत आहे. दोन्ही सचिवांच्या भूमिकांस अद्याप माणसे मिळालेली नाहीत, कारण त्या कराव्यात असे कोणासच वाटत नाही. इच्छुकांनी संपर्क साधावा.